व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही

माणसाचे पोट हे आवर्ती ठेवीसारखे असते. दर महिन्याला थोडे थोडे जमा होते, त्याचे कुणाला काही वाटत नाही, आणि मुदत भरली की एकदम भली मोठी रक्कम समोर उभी राहते. फरक इतकाच, की आवर्ती ठेव मुदतीआधी मोडता येते.

बँकेच्या खुर्चीत बसून मला बावीस वर्षे झाली. कागदोपत्री आता आम्हांला कारकून म्हणत नाहीत. 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असे भारदस्त नाव मिळाले आहे. पण खारेपाटणच्या बाजारात मी अजूनही 'बँकेतलो क्लार्क'च आहे, आणि पदाचे नाव लांबले म्हणून कमरेचा पट्टा काही लांबत नाही. मासे विकणारी एक आजीबाई दर सोमवारी पैसे भरायला येते. एकदा ती काउंटरच्या काचेतून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, हय पैसे मोजूक बसतास की खावक?" मागच्या रांगेने हा ठराव एकमताने मंजूर केला.

तरीही मी स्वस्थ होतो. पण एके दिवशी दहा रुपयांचे एक नाणे माझ्या हातून सुटून टेबलाखाली गेले. ते उचलायला मी वाकलो, आणि वाकल्यावर ध्यानात आले की परत वर येण्याची तरतूद अंदाजपत्रकात नाही. शिपायाने आणि एका खातेदाराने मिळून मला उभे केले. नाणे तिथेच राहिले. संध्याकाळी रोकड दहा रुपयांनी कमी भरली ती मी खिशातून घातली, आणि त्याच रात्री जिमला जायचे ठरवले.

आमच्याकडे हायवेच्या कडेला, जिथे पूर्वी आंब्याच्या पेट्या रचून ठेवत, तिथे एक जिम झाली आहे. मी एक जानेवारीला तिथे गेलो. जगातले सगळे जाडे लोक एक जानेवारीलाच तिथे जातात हे मला तोवर माहीत नव्हते. दाराशी एक तरुण बसला होता. त्याचे दंड माझ्या मांडीएवढे होते आणि आवाज मात्र अगदी मऊ होता. त्याने दरपत्रक पुढे केले. एक महिना, एक हजार. तीन महिने, अडीच हजार. वर्ष, सहा हजार. प्रवेश फी पाचशे, ती वेगळी. पर्सनल ट्रेनर पाहिजे असल्यास तोही वेगळा.

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला सवलत दाखवणे म्हणजे मांजराला बांगडा दाखवणे. मी मनातल्या मनात हिशेब केला. वर्षाला सहा हजार म्हणजे महिन्याला पाचशे, म्हणजे भाव सरळ निम्मा! मी साडेसहा हजार मोजून दिले आणि सहा हजार वाचवल्याच्या आनंदात घरी आलो. सौभाग्यवतींनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे हात पुढे केला, "मगे ते वाचलेले सहा हजार माका द्या."

पहिल्या आठवड्यात मी सहा दिवस गेलो. दुसऱ्या आठवड्यात चार. तिसऱ्यात तीन, चौथ्यात दोन. पुढे बँकेत मार्चअखेर आली, त्यात शिमगा आला. मग एकदा 'उद्यापासून नक्की' म्हणून गेलो, आणि एकदा तिथे विसरलेला टॉवेल आणायला गेलो. तोही दिवस मी हजेरीत धरला. एकूण सतरा. साडेसहा हजार भागिले सतरा, म्हणजे दर खेपेला तीनशे ब्याऐंशी रुपये पस्तीस पैसे. आणि शेवटच्या खेपेला तर मी फक्त टॉवेल उचलला होता.

ह्या बाबतीत मी एकटा नाही, असा दिलासा मला थेट अमेरिकेतून मिळाला. डेल्लाविन्या आणि माल्मेंडियर नावाच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली ह्याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा जिमला जात होते. म्हणजे एक खेप सतरा डॉलरांच्या वर पडत होती. आणि त्याच जिममध्ये दर खेपेला दहा डॉलर देऊन जाण्याची सोय होती! इतक्या प्रगत देशातले लोकही टॉवेल आणायला जातात हे वाचून मला बरे वाटले.

विचार केल्यावर कळले, की जिम आणि बँक हे एकाच जातीचे धंदे आहेत. सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागायला आले तर बँक बसेल, आणि सगळे सभासद एकाच सकाळी व्यायामाला आले तर जिमच्या त्या खोलीत वजने उचलणे दूरच, हात वर करायलाही जागा उरायची नाही. दोघांचाही डोलारा न येणाऱ्यांवर उभा. त्या दृष्टीने मी जिमचा आधारस्तंभ होतो.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. प्रवेशाच्या दिवशी मी एका छापील फॉर्मवर सही केली होती. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, 'व्यायाम करताना झालेल्या कोणत्याही इजेस व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.' बावीस वर्षे मी दुसऱ्यांच्या सह्या तपासतो. स्वतःची सही करताना मात्र मी कधी काही वाचत नाही. वाचून तरी काय करणार? जिथे जावे तिथे ही पाटी आहेच. चपला ठेवाव्यात तर व्यवस्थापन जबाबदार नाही, स्कूटर लावावी तर व्यवस्थापन जबाबदार नाही. लग्नाच्या हॉलमध्येही ही पाटी मी पाहिली आहे, तेव्हा ती चपलांबद्दल होती की लग्नाबद्दल हे विचारायचे राहून गेले.

आता दुसऱ्या व्यायामशाळेकडे वळतो. तिथे आमचे चिरंजीव जातात.

कोकण हा काही कुस्तीचा मुलूख नव्हे. आमच्या अंगाला माती लागते ती भातलावणीला. आम्ही भांडतो ते तोंडाने, आणि तेवढ्याने भागले नाही की कोर्टाने. दोन माणसांचा निकाल पाच मिनिटांत लागतो ह्या गोष्टीवरच आमचा विश्वास नाही. आमच्याकडे एका फणसाच्या झाडाचा दावा तीन पिढ्या चालतो. पण खारेपाटणचे तोंड घाटाकडेही आहे. भुईबावड्याच्या घाटाने वर चढून गगनबावडा गाठले की पुढे कोल्हापूर, आणि कोल्हापूर म्हणजे तालमी. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले, आणि गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ह्या तालमींची नावे आमच्याकडच्या माणसानेसुद्धा ऐकलेली असतात.

त्या घाटावरून आमच्याकडे उतरलेले एक गृहस्थ म्हणजे आमचे वस्ताद. तरुणपणी कोल्हापुरात तालीम केली, मग एस.टी.त ड्रायव्हर झाले, आणि घाटातून गाड्या वर-खाली करत निवृत्त झाले. बायको आमच्या बाजूची, म्हणून निवृत्तीनंतर इथेच राहिले. एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या शेडमध्ये त्यांनी जुनी मॅट अंथरली आणि पोरे जमवली. पावसाळ्यात नदी बाजारात शिरते तेव्हा दुकानदार माल माळ्यावर टाकतात आणि वस्ताद मॅट टाकतात.

चिरंजीवांना मी तिथे पाठवले ते मोबाइलपासून दोन तास लांब राहावेत म्हणून. फी विचारायला गेलो तर वस्ताद म्हणाले, "म्हैन्याला शंभर. जमलं तर द्या."

'जमलं तर द्या' हे वाक्य मी नोकरीत लागल्यापासून ऐकले नव्हते. मला घाम फुटला. मी त्यांची वही बघायला मागितली. शंभर पानी वही, पहिल्या पानावर गणपती, आणि पुढे आखलेले रकाने. पोराचे नाव. वजन. आईचा फोन. काल काय खाल्ले. कुठे दुखते. आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून काढल्यासारखा, फीचा रकाना. तो जवळजवळ कोरा. आमच्या भाषेत सांगायचे तर सगळी येणी थकीत, वसुलीची शक्यता शून्य, आणि पुस्तक मात्र रोजच्या रोज भरलेले. 'कुठे दुखते' ह्या रकान्यात एकही जागा कोरी नव्हती. जिथे काही दुखत नव्हते तिथे 'न्हाई' असे लिहिले होते.

गुरूच्या फीबाबत खारेपाटणचा इतिहास तसा उदार आहे. इथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट इसवी सन १००८ मधला आहे, आणि त्यात देवाच्या पूजेअर्चेसाठी एका शैव आचार्याला गावे दिल्याची नोंद आहे. गावे! आणि आम्ही त्याच गावचे हजार वर्षांनंतरचे रहिवासी, वस्तादांचे शंभर रुपये पुढच्या महिन्यावर ढकलतो. ताम्रपटावर कुठे बारीक अक्षरांत काही अट असल्याचे मी ऐकलेले नाही.

वस्तादांचे नियम होते. मॅटवर जाण्याआधी नखे दाखवायची. अंगावर गजकर्ण दिसले की तो बरा होईपर्यंत बाहेर बसायचे. ताप असला तर घरी जायचे. खालच्या गटात बसावे म्हणून उपाशी राहून वजन उतरवायचे नाही. एका पालकाने ही शेवटची कल्पना मांडली तेव्हा वस्ताद म्हणाले, "वाडतं पोरगं हाय. जेवान तोडून कुस्ती होत न्हाई, आजार होतो." आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, वस्ताद 'बस' म्हणाले की बस. मग कुस्ती जिंकत आलेली असली तरी बस.

मी एकदा म्हटले, "वस्ताद, तुम्ही फार घाबरता बुवा. पैलवान माणसाने असे..."

"सायेब," ते म्हणाले, "मी घाटात गाडी चालवलीया. मागं पन्नास मान्सं. त्यांनी तिकीट काढलंय त्ये पोचायचं. मला वेग दावायचं न्हवं."

एका पावसाळी संध्याकाळी वीज गेली होती, पोरे भिंतीला टेकून बसली होती, आणि वस्ताद खाशाबा जाधवांची गोष्ट सांगत होते. मी छत्री घेऊन चिरंजीवांना न्यायला गेलो होतो, तो मीही टेकलो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नाहीत. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा गेले आणि ब्राँझ पदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि खाशाबांनी कुस्त्या करून पैसे मिळवले नि आपल्या सरांचे घर सोडवून दिले.

गोष्टीत गहाणखत आले तशी माझ्यातली बँक जागी झाली. कर्जाचा अर्ज माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. तारण, राहते घर. कर्जाचे कारण, दुसऱ्याच्या मुलाने फिनलंडला जाऊन कुस्ती खेळणे. परतफेडीचे साधन, काही नाही. जामीनदार, कोणी नाही. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मॅनेजरसाहेबांपर्यंत पोचूसुद्धा दिला नसता. आणि १९५२ सालचे सात हजार म्हणजे आजचे किती, ह्याचा चक्रवाढीने हिशेब मी अंधारात बोटांवर करू लागलो.

वस्ताद पुढेही काही सांगत होते. जपानच्या इशीशी खाशाबांची कुस्ती खूप लांबली आणि ते दमले. लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हशी लढायला बोलावणे आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमातच होती. पण तो नियम पुढे करायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले, आणि हरले. "अर्धा तास मागायला मानूस न्हवता बगा," असे वस्ताद म्हणाल्याचे मला पुसटसे आठवते. मी तोवर व्याजाच्या सहाव्या वर्षापर्यंत आलो होतो.

ऑक्टोबरात शालेय स्पर्धा आल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जायचे होते. शाळेने एक संमतिपत्र पाठवले, मी सवयीने सही केली. मग खर्च सुरू झाला. कुस्तीचे बूट घेतले. कुस्तीचा तो अंगाला चिकटणारा पोशाख घेतला, ज्यात आमचे चिरंजीव सोललेल्या केळ्यासारखे दिसत होते. शेजाऱ्यांना दाखवायला म्हणून मोबाइलचा नवा चार्जर घेतला. आणि मी एक किरकोळ रजा टाकली. बाहेरच्या माणसाला ह्या शेवटच्या खर्चाची कल्पना यायची नाही. बँकेतला माणूस किडनी देईल, ऑक्टोबरात किरकोळ रजा देणार नाही.

चिरंजीवांनी पहिली कुस्ती जिंकली. मी व्हिडिओ काढला. दुसऱ्या कुस्तीत दोघांची डोकी एकमेकांवर आपटली, आवाज मला गॅलरीत ऐकू आला. दोघेही उठले, डोके चोळले, पुन्हा भिडले, आणि चिरंजीवांनी तीही जिंकली! म्हणजे उपांत्य फेरी. म्हणजे आणखी एक जिंकली की पदक ठरलेले. प्रमाणपत्राला फ्रेम कुठून करायची हे मी ठरवून टाकले. राजापूरला स्वस्तात होते.

खाली पाहतो तर वस्ताद चिरंजीवांना बाकावर बसवून काहीतरी विचारत होते. मी खाली गेलो.

"सकाळी गाडी कितीला सुटली रं?" वस्ताद विचारत होते.

"कुठली गाडी?" चिरंजीव म्हणाले.

"बरं. पैली कुस्ती कुणासंगट झाली?"

चिरंजीव हसले. "वस्ताद, पहिली अजून व्हायचीय ना?"

वस्ताद उठले, पंचांकडे गेले आणि म्हणाले, "आमचं पोरगं खेळणार न्हाई."

वाचकहो, त्या क्षणी मी जे काही बोललो ते लिहिण्यासारखे नाही, पण अंशतः सांगतो. मी म्हणालो, की पोरगा धडधाकट उभा आहे. मी म्हणालो, की तो थट्टा करतो आहे, तो घरीही अशी करतो. मी बुटांची किंमत सांगितली. मी किरकोळ रजेचा उल्लेख केला. अखेरीस, आसपासचे चार लोक ऐकत असताना, मी म्हणालो, "वस्ताद, मी फी भरतो! माझ्या मुलाने खेळायचे की नाही हे मी ठरवणार. पाहिजे तर माझ्या जबाबदारीवर लिहून घ्या!"

त्यातली दोन महिन्यांची फी तुंबली होती हे मला बोलताना आठवले, पण वाक्य तोंडातून सुटले होते.

वस्ताद रागावले नाहीत. म्हणाले, "फी तुमी भरली, सायेब. पोरगं मॅटवर माजं असतंय. मॅटवरनं उतरलं की तुमचं. आता उतरलंय, डाक्टरकडं घिऊन चला."

चिरंजीव रडले. मला म्हणाले, "बाबा, तुम्ही सांगा ना त्यांना!" आणि मी सांगितलेही असते, पण तेवढ्यात त्यांनी माझ्या नव्या बुटांवर ओकारी केली. म्हणजे बूट त्यांचे होते, हातात मी धरले होते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, प्रश्न विचारले, डोक्याचा फोटो काढायला पाठवले. फोटोत काही निघाले नाही. एक रात्र नजरेखाली ठेवा, म्हणाले. मग बाहेर येऊन त्यांनी मला समजावले, की डोक्याला असा हबका बसला की मेंदूला सावरायला दिवस लागतात. तोवर मुलगा उभा राहतो, बोलतो, हसतोसुद्धा. पण ते सावरणे पुरे व्हायच्या आत दुसरा मार बसला, तर लहान वयात फार वाईट होऊ शकते. क्वचितच होते, पण झाले तर हाताशी वेळ राहत नाही. "त्यानंतर खेळला नाही ना?" त्यांनी विचारले.

"नाही," मी म्हणालो.

"नशीब," डॉक्टर म्हणाले.

नशीब बाकावर बसले होते. गुडघ्यावर शंभर पानी वही ठेवून 'कुठे दुखते'च्या रकान्यात काहीतरी लिहीत होते.

रात्रभर मी खाटेशेजारी बसून होतो. चिरंजीव झोपले होते. दर दोन तासांनी त्यांना उठवून नाव विचारायचे होते. ते दर वेळी बरोबर सांगत आणि चौथ्या वेळी चिडून माझेही सांगितले. मला खिशात ते संमतिपत्र सापडले. म्हणजे त्याची माझ्याकडची प्रत. मी ते पहिल्यांदा वाचले. 'स्पर्धेत पाल्यास इजा झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी पालकांची राहील.' खाली माझी सही, अगदी नमुना सहीशी जुळणारी. ती बघून मला त्या पावसाळी संध्याकाळची गोष्ट आठवली, मी हिशेब करत होतो तो भाग. सात हजार रुपये कोल्हापूरहून हेलसिंकीपर्यंत पोचले होते. त्या मॅटच्या कडेला 'थांबा, आमच्या माणसाला अर्धा तास द्या' एवढे म्हणणारा कोणी पोचला नव्हता. आणि आमच्या चिरंजीवांच्या मॅटच्या कडेला दोघे होतो. एक म्हणत होता थांबा, आणि दुसरा म्हणत होता लिहून घ्या.

पहाटे वस्ताद चहा घेऊन आले. मी म्हटले, "वस्ताद, माझे चुकले."

"ऱ्हाऊ द्या. समद्या बापांचं चुकतंय. मी माज्या पोराच्या येळंला गप बसलो हुतो." एवढेच म्हणाले. मी पुढे काही विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही. चहात साखर जास्त होती.

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस चिरंजीवांनी सक्तीने घरी काढले. त्यांत मोबाइलही बंद, त्यामुळे मेंदूपेक्षा आम्हांलाच जास्त विश्रांती मिळाली. मी वस्तादांची तुंबलेली फी दिली, पुढच्या वर्षाची आगाऊ देऊ केली. त्यांनी आगाऊ घेतली नाही. "आगाऊ घेतली की पोरगं यायचं बंद होतंय," ते म्हणाले. म्हणजे जे शोधायला अमेरिकेतल्या दोन विद्वानांना निबंध लिहावा लागला, ते ह्या माणसाला ठाऊक होते. आणि मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "तुमी सकाळी येत चला. मॅट झाडायला मानूस पायजे."

आता मी रोज सकाळी सहाला मॅट झाडतो. वाकून झाडतो. पहिल्या आठवड्यात वर येताना खांब धरावा लागे, आता हात गुडघ्यावर ठेवून भागते. वहीत माझेही नाव आहे. वजनाच्या रकान्याबद्दल मी इथे काही बोलणार नाही. 'कुठे दुखते' ह्याच्यापुढे वस्तादांनी दोन ओळी घेतल्या आहेत.

नोव्हेंबरात वस्ताद बँकेत आले. पेन्शनरांनी हयातीचा दाखला देण्याचा तो महिना. त्यांचे पेन्शन पाहून मला पहिल्यांदा शंभर रुपयांची किंमत कळली; एवढ्या पेन्शनमधून हा माणूस पोरांना भिजवलेले हरभरे घालतो. आता हे काम यंत्रावर होते. बोट ठेवायचे, जुळले की माणूस जिवंत. वस्तादांनी उजवा अंगठा ठेवला. जुळला नाही. डावा ठेवला. नाही. दहाही बोटे झाली. कुठे स्टिअरिंग, कुठे माती, बोटांवर रेघा म्हणून उरल्याच नव्हत्या. यंत्राच्या मते समोर कोणी नव्हते.

मॅनेजरसाहेब नवे होते, परप्रांतातून आलेले. कागदी दाखला करता येईल, म्हणाले, पण ह्यांची ओळख कोण देणार? समक्ष ओळखणारे कोणी आहे का? काही चूक झाली तर जबाबदारी येईल.

मी खुर्चीतून उठलो. कशालाही न धरता उठलो, हे शिपायाने पाहिले आहे. फॉर्म हातात घेतला, चष्मा लावला, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत सगळा वाचला. मागे रांग लांबत होती.

"काय वो सायेब, येवडं काय वाचताय?" वस्ताद म्हणाले. "मी जित्ता हाय न्हवं?"

"थांबा," मी म्हणालो, आणि ओळख देणाऱ्याच्या जागी सही केली.

रांगेतून मासेवाली आजी म्हणाली, "भाऊ, आज बारीक दिसतास!"

तिचे पासबुक मी आधी घेतले.